खाजगी विद्यापीठातल्या मास्टर्सची फी : कर्जाचे चार प्रकार, पारखून

दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी खाजगी विद्यापीठाला द्यायचे दहा-बारा लाख बहुतेक घरांत एकरकमी नसतात. ते उभे करायला सध्या चार पर्याय समोर येतात: बँकेचं शैक्षणिक कर्ज, एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं) शैक्षणिक कर्ज, विद्यापीठानेच फिनटेक कंपनीमार्फत देऊ केलेले 'बिनव्याजी' हप्ते आणि घरावर किंवा सोन्यावर काढलेलं कर्ज. कौल आधीच देऊन ठेवतो. सरकारी बँकेचं कर्ज चौघांत स्वस्त आणि तितकंच कटकटीचं. एनबीएफसी झटपट, पण महाग. बिनव्याजी हप्ते बहुतेक वेळा बिनव्याजी नसतात. घरावरचं कर्ज फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना पुढच्याच महिन्यापासून हप्ता झेपतो.

आधी विद्यापीठाचं पूर्ण नाव वाचा

'खाजगी' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं ते खाजगी, म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्राने दर्जा दिलेलं ते अभिमत. पुण्यात सिंबायोसिस इंटरनॅशनल अभिमत आहे, तर किवळ्याचं सिंबायोसिस स्किल्स अँड प्रोफेशनल राज्याच्या कायद्याखालचं. डी. वाय. पाटील या नावाने पिंपरी, नवी मुंबई आणि कोल्हापूरला अभिमत विद्यापीठं आहेत, आकुर्डी आणि लोहगावला खाजगी. एनआयआरएफच्या (शिक्षणसंस्थांच्या सरकारी) क्रमवारीत, बँकेच्या यादीत आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या ड्रॉपडाऊनमध्ये ही सगळी स्वतंत्र नावं असतात. प्रवेशपत्रावरचं नाव यादीत अक्षरशः तसंच सापडलं पाहिजे. 'त्याच ग्रुपचं आहे' हे शाखेत चालत नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. संलग्न कॉलेजात राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून एमबीए किंवा एमसीए घेतलं तर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि पात्र विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते. मुलींना पूर्ण फीमाफी देणारा जुलै २०२४ चा राज्याचा निर्णयही त्याच चौकटीत बसतो, आणि त्यात खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. 'आमच्याकडे मुलींना फी नाही ना?' असं खाजगी विद्यापीठाच्या काउन्सेलरला विचारून काही उपयोग नाही. महाडीबीटीवर त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव दिसतंय का ते सीट बुक करण्याआधी स्वतः बघा. नसेल, तर शिष्यवृत्ती धरून केलेलं सगळं गणित कोसळतं. काही वेळा त्याच शहरातलं संलग्न कॉलेज, तीच पदवी, आणि घरचा खर्च निम्म्याहून कमी असा हिशेब निघतो. तो काढल्याशिवाय कर्जाचा अर्ज भरू नये.

जाहिरातीतली फी आणि लागणारा पैसा

वेबसाइटवर ठळक आकड्यात असते ती वर्षाची ट्युशन फी. त्याखाली बारीक अक्षरांत परीक्षा फी, पात्रता फी, अनामत, विकास निधी, लॅब, पदवीदान, माजी विद्यार्थी संघाची वर्गणी. एक नमुना हिशेब घेऊ. वर्षाला ४ लाख ट्युशन म्हणजे दोन वर्षांचे ८ लाख. परीक्षा आणि किरकोळ ४०,०००. परत मिळणारी अनामत २०,०००. लॅपटॉप ६०,०००. वसतिगृह आणि मेस वर्षाला १ लाख ४० हजार, म्हणजे २ लाख ८० हजार. बेरीज १२ लाख. आठ लाखांचा अभ्यासक्रम बारा लाखांना पडला.

यातलं बँक काय काय धरते? इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे ट्युशन, परीक्षा, ग्रंथालय, लॅब आणि वसतिगृह हे सगळं बसतं. अनामत, बिल्डिंग फंड वगैरेला एकूण ट्युशन फीच्या १० टक्क्यांची मर्यादा. पुस्तकं, संगणक, प्रकल्प, अभ्यासदौरा मिळून २० टक्क्यांची. वरच्या हिशेबात लॅपटॉप आणि अनामत दोन्ही आरामात बसतात. पावती नसलेलं काहीच बसत नाही. बाहेर पेइंग गेस्ट राहणार असाल तर घरमालकाकडून भाड्याचा लेखी कागद लागेल, आणि तो मिळवायला बँकेपेक्षा घरमालकच जास्त वेळ लावतो.

विद्यापीठाकडून घ्यायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाचं, सत्रनिहाय, शीर्षकनिहाय फीपत्र. फक्त पहिल्या वर्षाचं पत्र दिलं तर बँक पहिल्या वर्षापुरतं बघते, किंवा दुसरं वर्ष तेवढंच धरते. मग दुसऱ्या वर्षी फी वाढली की वाढीव रक्कम खिशातून. माहितीपत्रकात 'फीमध्ये दरवर्षी वाढ होऊ शकते' असं वाक्य असेल तर कर्जाची मागणी करतानाच ती वाढ धरून रक्कम मागा. मंजूर झालेलं सगळं उचलायची सक्ती नसते, पण मंजुरी वाढवून घेणं म्हणजे अर्धी प्रक्रिया पुन्हा.

गुणवत्ता शिष्यवृत्तीचंही तसंच. प्रवेशाच्या वेळी दिलेली २५ किंवा ५० टक्के सूट पुढच्या वर्षी ठरावीक सीजीपीएवर अवलंबून असते. बँकेने सूट वजा करून कर्ज मंजूर केलं आणि सीजीपीए घसरला, तर खड्डा दुसऱ्या वर्षी पडतो. फीपत्रावर मूळ फी आणि सूट वेगवेगळ्या ओळींत मागून घ्या.

सरकारी बँक

इथे रक्कम तीन टप्प्यांत विभागली जाते आणि सगळी रणनीती त्यावर ठरते. ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (खर्चातला घरून भरायचा वाटा) नाही. त्यावर साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, कारण केंद्राचा पतहमी निधी बँकेला हमी देतो. मात्र ५ टक्के मार्जिन घरचं लागतं. साडेसात लाखांच्या वर सामान्यतः स्थावर तारण. आई-वडील किंवा पालक सहकर्जदार तिन्ही टप्प्यांत असतात. मिळालेली शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरता येते आणि मार्जिन एकदम भरायचं नसतं, दरवर्षीच्या उचलीबरोबर भरायचं असतं. शाखेत हे आपण होऊन कोणी सांगत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: साडेसातच्या आत भागतं का? गरज नऊ लाखांची असेल आणि घरात दीड लाख निघत असेल, तर साडेसातच मागा. तारणाच्या भानगडीत वाचणारे तीन-चार आठवडे आणि सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, मुद्रांक यांचा खर्च त्या दीड लाखाच्या व्याजापेक्षा बऱ्याचदा भारी पडतो. तारण द्यावंच लागलं तर महाराष्ट्रात कागद कुठे अडकतात ते ठरलेलं आहे. शेतजमिनीचा सातबारा बहुतेक शाखा घेत नाहीत, अकृषिक आदेश मागतात. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचं ना हरकत. जुन्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र नसणं ही नेहमीची गोष्ट. आजोबांच्या नावावरच घर राहिलेलं असणं ही दुसरी. वारसनोंद जूनमध्ये सुरू केली तर ऑगस्टची फी चुकणारच. प्रवेशाचा विचार हिवाळ्यात असेल तर हे कागद तेव्हाच काढायला घ्या.

आता पीएम-विद्यालक्ष्मी. मंत्रिमंडळाने ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. एनआयआरएफच्या एकूण, प्रकारनिहाय किंवा विषयनिहाय यादीत पहिल्या शंभरात असलेल्या संस्थेत, सरकारी असो की खाजगी, गुणवत्तेवर किंवा स्पर्धा परीक्षेतून प्रवेश मिळाला असेल तर तारणही नाही आणि जामीनदारही नाही. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या आणि यादी क्रमवारीनुसार दरवर्षी बदलते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या (अभ्यासक्रमानंतर हप्ता सुरू होईपर्यंतच्या) काळात व्याजात ३ टक्के सूट. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर आधीच्या व्याज अनुदान योजनेतून त्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं, मात्र संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए हे गुणवत्तेचं मानांकन लागतं.

योजना चांगली, घोळ नावाचा. २०१५ पासूनचं 'विद्यालक्ष्मी' आणि नवं 'पीएम-विद्यालक्ष्मी' ही दोन वेगळी पोर्टलं. व्याजसवलत हवी तर अर्ज नव्या पोर्टलवर. आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि प्रवेशपत्र यांतल्या नावांत फरक असेल तर तो आधी मिटवा. महाराष्ट्रात आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव आहे की नाही, यावरून अर्ज परत येतात. कर्ज मंजूर होणं आणि व्याजसवलत मंजूर होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कर्ज मिळालं म्हणून खूश होऊन सवलतीचा अर्ज न भरणारे कमी नाहीत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, पगाराची स्लिप चालत नाही.

बाकी कागद असे: दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचं स्कोअरकार्ड, प्रवेशपत्र, फीपत्र, दोघांचं आधार-पॅन, सहकर्जदाराची दोन वर्षांची विवरणपत्रं किंवा फॉर्म १६, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं खातेविवरण. सहकर्जदाराचा सिबिल अहवाल (आजवरच्या कर्जफेडीची नोंद) अर्जाआधी स्वतः काढून बघा. जुन्या क्रेडिट कार्डाचे सेटल केलेले, म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेले, चार-पाच हजार इथे डोकं वर काढतात.

शाखेने 'आमच्याकडे हे कर्ज होत नाही' किंवा 'तुमचा पत्ता आमच्या हद्दीत नाही' म्हटलं तर ऐकून घेऊन परतू नका. हद्दीच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे. अर्ज पोर्टलवरून करा आणि नकार लेखी मागा. तक्रार आधी बँकेकडे, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. खरं सांगायचं तर लोकपालापर्यंत जाईस्तोवर प्रवेशाची मुदत संपते. म्हणून एका शाखेच्या भरवशावर न राहता विद्यापीठाजवळच्या शाखेतही चौकशी चालू ठेवावी. त्या शाखांना त्याच विद्यापीठाची फीपत्रं रोज बघायची सवय असते.

मॅनेजमेंट कोट्याचं वेगळं. पीएम-विद्यालक्ष्मीची अट वर आलीच आहे. नमुना योजनेत अशा गुणी विद्यार्थ्याचा विचार करायला जागा आहे, पण बँक नियामकाने मान्य केलेली फीच धरते. कोट्यासाठी वर मोजलेली रक्कम, ती कोणत्याही नावाने मागितलेली असो, कर्जात येत नाही.

व्याजाचं गणित, जे मंजुरीपत्रात दिसत नाही

वरच्या बारा लाखांपैकी दोन लाख घरचे आणि दहा लाख कर्ज, असं धरू. दर १०.५ टक्के. बँक पैसे सत्रागणिक देते: दर सहा महिन्यांनी अडीच लाख, चार वेळा. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू, म्हणजे पहिल्या उचलीपासून तीन वर्षांनी. या काळात सरळ व्याज लागतं: पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचं, दुसऱ्यावर अडीच, तिसऱ्यावर दोन, चौथ्यावर दीड. बेरीज २ लाख ३६ हजार २५० रुपये. हे मुद्दलात मिळवलं जातं आणि हप्ता १२ लाख ३६ हजारांवर बसतो: दहा वर्षांसाठी महिना सुमारे १६,६८०. एकूण परतफेड २० लाखांच्या थोडी वर.

हेच व्याज शिकत असताना दरमहा भरत गेलात तर? पहिल्या सहा महिन्यांत महिना साधारण २,२००, मग ४,४००, ६,६०० आणि शेवटी ८,७५०. परतफेड सुरू झाल्यावर हप्ता १३,४९३. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला अनेक बँका १ टक्का सूट देतात. ती धरून एकूण खर्च १८ लाख ३३ हजारांच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेदोन लाखांची बचत. सुरुवातीचे दोन-चार हजार बहुतेक नोकरदार पालकांना झेपतात. म्हणून निदान पहिलं वर्ष तरी व्याज भरावं असं आमचं मत आहे. १ टक्का सुटीसाठी मात्र अखेरपर्यंत भरावं लागतं, मध्येच सोडलं तर ती जाते.

मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता १३,६६५ वर येतो, महिना तीन हजारांनी कमी. आणि एकूण साडेचार लाख जास्त जातात. तरीही पंधराची मुदत घेऊन लवकर फेडणं सुरक्षित, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. नोकरी लागायला उशीर झाला तर कमी हप्ता जीव वाचवतो, आणि नोकरी असो-नसो, सवलतीचा काळ संपला की हप्ता सुरू होतोच. नव्वद दिवस थकला की खातं बुडीत वर्गात, आणि डाग पालकांच्या सिबिलवरही.

३ टक्क्यांची सरकारी सूट या उदाहरणात ६७,५०० रुपये होते. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात दोन चकरा माराव्या लागल्या तरी माराव्यात.

पैसे हातात कसे पडतात तेही माहीत असू द्या. बँक फी थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवते. प्रत्येक सत्राला विद्यापीठाचं मागणीपत्र आणि आधीच्या सत्राची गुणपत्रिका लागते. निकाल रखडला किंवा विषय राहिला तर उचल थांबते आणि विद्यापीठ विलंबशुल्क लावून मोकळं. वसतिगृह वेगळ्या कंपनीकडे चालवायला दिलेलं असेल तर त्यांचं बँक खातं मंजुरीपत्रात स्वतंत्र घालून घ्या, नाहीतर ते पैसे फीच्या खात्यात जाऊन अडकतात. आणि सीट पक्की करायला घरून भरलेली पहिली रक्कम बँक पावतीवर परत देते का, हे मंजुरीआधी विचारून लिहून घ्या. काही बँका देतात, काही शाखा हात वर करतात.

मंजुरीच्या दिवशी टेबलावर येणारा आणखी एक कागद म्हणजे जीवनविमा, एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून. विमा वाईट नाही. सहकर्जदार वडील साठीचे असतील तर तर नाहीच नाही. पण तो बँकेने पुढे केलेल्याच कंपनीचा घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि कर्जात मिळवलेल्या हप्त्यावरही व्याज चढतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून आलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन ठिकाणची तुलना जाहिरातीतल्या दरावर न करता त्या एका आकड्यावर करा.

एनबीएफसी

वेग हीच यांची खरी जमेची बाजू. आठवड्याभरात मंजुरी, तारणाशिवाय मोठी रक्कम, मॅनेजमेंट कोट्यालाही फारशी ना नाही, प्रवेशपत्र यायच्या आधी तत्त्वतः मंजुरी. कर्मचारी घरी येऊन कागद नेतो. किंमत दरात. सरकारी बँकेच्या १०.५ ऐवजी १३ टक्के धरले तर त्याच दहा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे १९,३०० होतो आणि एकूण परतफेड २३ लाखांच्या वर. प्रक्रिया शुल्क दीड टक्का असेल तर जीएसटीसह १७,७०० आणखी. सरकारची व्याजसवलत इथे नाही.

विचारायचे प्रश्न दोनच. सवलतीच्या काळातलं व्याज सरळ की दरमहा चक्रवाढ? आणि शिकत असताना काही भरावं लागतं का? बऱ्याच ठिकाणी पूर्ण सवलत नसतेच. अंशतः व्याज किंवा ठरावीक रक्कम पहिल्या महिन्यापासून लागते, आणि ती चुकली की मोजदाद सिबिलमध्ये. आमचा सल्ला असा की एनबीएफसीची मंजुरी हातात ठेवावी, उचल फक्त पहिल्या सत्राची करावी आणि दरम्यान सरकारी बँकेकडे कर्ज वळवून घेता येतं का ते बघावं. वळवताना व्याजसवलत मागे लावून मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कर्ज मिळवून देणाऱ्या वेबसाइट आणि एजंट विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत, कारण त्यांना कमिशन कर्ज देणारा देतो. म्हणून त्यांच्या 'तुमच्यासाठी सर्वोत्तम' यादीत सरकारी बँक तळाला असते किंवा नसतेच.

बिनव्याजी हप्ते

प्रवेश कार्यालयात सर्वांत आधी पुढे केला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा हा कागद. नाव 'फी हप्ता योजना', प्रत्यक्षात ते एखाद्या एनबीएफसीचं एक वर्षाचं कर्ज असतं. विद्यापीठाला पूर्ण पैसे लगेच मिळतात, तुम्ही कंपनीला दरमहा देता.

व्याज कुठे लपतं ते बघा. वर्षाची फी ४ लाख. एकरकमी भरली तर ५ टक्के सूट, म्हणजे ३ लाख ८० हजार. हप्त्यांत घेतली तर सूट नाही. बारा हप्ते ३३,३३३ चे, पहिला लगेच. वर २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी मिळून ९,४४०. म्हणजे आज ४२,७७३ भरून उरलेल्या ३ लाख ३७ हजारांसाठी अकरा महिन्यांत २९,४४० जास्त दिले. वार्षिक दर काढला तर सुमारे १७ टक्के. एकरकमी सूट नसेल आणि प्रक्रिया शुल्कही नसेल, तरच ही योजना नावाप्रमाणे बिनव्याजी, आणि मग ती बेलाशक घ्यावी. पगारातून महिना पस्तीस हजार बाजूला पडणाऱ्या, नोकरी करत शिकणाऱ्यांना ती सोयीची आहे.

मोठा धोका वेगळा. विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला, विद्यापीठाने परतावा अडवला, तरी कंपनीचा हप्ता चालूच राहतो. डिजिटल कर्जात विचार बदलायला थोडी मुदत असते. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन बाहेर पडता येतं. ती किती दिवसांची आहे ते केएफएसमध्येच असतं.

घर आणि सोनं

चालू गृहकर्जावर टॉप-अप (वाढीव कर्ज) मिळत असेल तर दर बऱ्याचदा एनबीएफसीपेक्षा कमी. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून, आणि शैक्षणिक कर्जाची करसवलत त्यावर सांगणं अवघड. सोनेतारण दोन वर्षांसाठी ठेवू नये. बँकेची मंजुरी यायच्या आत सीटचे पैसे भरायचे असतील तर त्या पंधरा-वीस दिवसांसाठी ते उत्तम.

भरण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच: शैक्षणिक संस्थांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे आणि त्यावर शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर गेटवेचे टक्का-दीड टक्का वर जीएसटी जातात. मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी लागत नाही. पावतीत १८ टक्के दिसले तर ते 'इंडस्ट्री सर्टिफिकेट' सारख्या जोडकोर्सचे असतात, आणि तो कोर्स ऐच्छिक आहे का हे विचारायलाच हवं.

एमटेकवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. गेट पात्र विद्यार्थ्याला तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई महिना १२,४०० रुपये देते, दोन वर्षांचे जवळपास तीन लाख. विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता असली पाहिजे आणि विद्यार्थ्याची नोंद संस्थेने वेळेत केली पाहिजे. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे: देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, उत्पन्नाची अट ८ लाख. हप्ते वेळेवर भरल्याचा पुरावा दिल्यावर व्याज परत मिळतं, आधी नाही.

प्रवेश रद्द झाला तर

यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५,००० कापून. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे शून्य. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० कपात असं आणखी सैल केलं होतं. त्या त्या वर्षीचं परिपत्रक बघा आणि रद्द करण्याचा ईमेल तारखेसह पाठवा. तोंडी सांगण्याला अर्थ नाही. मूळ प्रमाणपत्रं विद्यापीठाला ठेवून घेता येत नाहीत. तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर. कर्जातून भरलेली फी परत आली तर ती तुमच्या नाही, कर्जखात्यात जाते.

कर आणि खातं बंद करताना

प्राप्तिकर कायदा १९६१ च्या (एप्रिल २०२६ पासून त्याजागी २०२५ चा कायदा, तिथे कलमांचे क्रमांक वेगळे) कलम ८०ई खाली व्याजाची पूर्ण रक्कम वजा होते, वरची मर्यादा नाही, मुद्दल मात्र नाही. फक्त जुन्या करप्रणालीत. कर्ज बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं हवं. पतसंस्थेचं, मालकाचं किंवा मामाचं चालत नाही. सवलत व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षांची. शिकत असतानाच व्याज भरायला लागलात तर घड्याळ तेव्हापासून चालू होतं आणि मोठ्या हप्त्यांची शेवटची वर्षं त्याबाहेर पडतात. वडील २० किंवा ३० टक्क्यांच्या गटात असतील आणि जुन्या प्रणालीत असतील, तर लवकर भरणं तरीही फायद्याचं. मुलगी नोकरी लागल्यावर स्वतः भरणार असेल आणि नव्या प्रणालीत असेल, तर ८०ई चा विचारच सोडून द्या. ट्युशन फीवरची ८०सी सवलत मुलांच्या फीला आहे, स्वतःच्या शिक्षणाला नाही, आणि विकास निधी किंवा देणगी तिच्यात येत नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि महिन्याभराने सिबिलवर खातं 'बंद' दाखवतंय का बघा. 'सेटल्ड' लिहिलेलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा. घराचे मूळ कागद तारण ठेवले असतील तर ते पूर्ण परतफेडीपासून तीस दिवसांत परत द्यायची जबाबदारी बँकेची आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद ताब्यात घेताना तारण ठेवतानाची यादी समोर धरून एकेक पान मोजा.